आई-वडिलांसाठी इयरफोन निवडताना

दुपारी घरातील वडीलधारे मोबाईलवर कीर्तन लावतात, शेजारच्या खोलीत नात अभ्यासाला बसलेली असते, आणि मग कोणीतरी तीन-चारशे रुपयांचे वायरचे इयरफोन आणून देते. आठवड्याभरात ते टेबलाच्या खणात जाऊन पडतात. ‘मला नाही जमत ते,’ एवढेच उत्तर मिळते. त्यात हट्ट क्वचितच असतो. बहुधा आपली निवडच चुकलेली असते.

वायरचे इयरफोन घेण्यात गैर काहीच नाही. त्यांना चार्जिंग लागत नाही आणि एखादा तुकडा पलंगाखाली घरंगळून हरवत नाही. चूक होते ती पारखण्यात. दुकानदार ज्याची स्तुती करतो तो खर्जाचा दणका तरुण कानांना सुखावतो. वाढत्या वयात मात्र प्रथम मंदावते ती उंच पट्टीचे ध्वनी टिपण्याची शक्ती, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने ओळखू येण्यासाठी नेमके तेच ध्वनी लागतात. म्हणूनच ज्येष्ठांची तक्रार बहुधा ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी असते. भरमसाट खर्ज ही व्यंजने आणखी झाकून टाकतो. मीही आईसाठी असेच घुमणारे इयरफोन आणले होते. ‘बातम्या देणारी बाई रांजणात तोंड घालून बोलते आहे,’ असे म्हणून तिने ते परत दिले.

तेव्हा परीक्षा गाण्याने न घेता बोलण्याने घ्यावी. आकाशवाणीच्या बातम्या लावाव्यात, आवाज निम्म्यावर ठेवावा आणि ऐकलेले वाक्य जसेच्या तसे सांगता येते का ते पाहावे. सोबत मिळणाऱ्या रबरी टोप्या सहसा लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन मापांच्या असतात; त्या बदलून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. दोन्ही कानांचे माप सारखेच असते असेही नाही. टोपी सैल राहिली की बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि आपण नकळत आवाज वाढवतो. खरेदीपूर्वी पिन आपल्या फोनला लागते का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी 80 डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यातून 40 तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. घरी डेसिबल कोण मोजणार? फोनच्या आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवावी, एवढे पुरे.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. बातम्या ज्या पायरीवर स्पष्ट ऐकू आल्या, ती पायरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. काही महिन्यांनी तेवढ्याच आवाजात कळेनासे झाले, तर नवे इयरफोन आणायला धावू नका. आधी त्यांच्या जाळीत मळ साचला आहे का ते पाहा व कोरड्या, मऊ ब्रशने ती झाडा. एकाच बाजूने आवाज मंद वाटत असेल, तर दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करा. मंदपणा तुकड्याबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष इयरफोनचा. तो त्याच कानात राहिला, तर दोष कानाचा. तो केवळ मळाचाही असेल, परंतु काडी घालून तो काढू नये, आणखी आत ढकलला जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाचे ऐकणे दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी उपचार लवकर सुरू होणे फार मोलाचे असते.

कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर असे इयरफोन वापरू नयेत. मधुमेह असणाऱ्यांनी कानातील खाज वा दुखणे अंगावर काढू नये.

एका कानाने कमी ऐकू येत असल्याचे निदान झालेले असेल, तर एक छोटी सोय पुष्कळांना ठाऊक नसते. बऱ्याच स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय असतो. तो सुरू केला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन चांगल्या कानाला सगळेच ऐकू येते. तबला एकीकडे आणि गायक दुसरीकडे, असे होत नाही. हे काम नातीवर सोपवावे. अर्ध्या मिनिटात होते.