नको म्हणणारा रचनाकार आणि फिरत राहिलेल्या फिती

ध्वनिमुद्रणाची गोष्ट : लेखांक अकरावा

मागच्या आठवड्यात आपण कलावंताच्या पश्चात माळ्यावरून निघालेल्या फितींबद्दल बोललो. तिथे अडचण अशी, की परवानगी मागायची कोणाकडे? आजचा प्रश्न नेमका उलटा आहे. रचनाकार हयात आहे, त्याला विचारता येतं, आणि तो 'नको' म्हणतो आहे. रचना त्याने मागे घेतली आहे, पण तिचं एखादं ध्वनिमुद्रण कुणा रसिकाकडे राहून गेलं आहे. ते त्याने दुसऱ्याला द्यावं का?

पाश्चात्त्य संगीतात रचना मागे घेणं नवं नाही. तिथे रचना म्हणजे मुख्यतः कागदावरची स्वरलिपी. प्रती देणं बंद केलं की वादकांच्या हाती काही उरत नाही. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांची १८ वाद्यांसाठी लिहिलेली 'पॉलिफोनी एक्स' १९५१ साली जर्मनीतल्या दोनाउएशिंगेन इथल्या महोत्सवात वाजली. ती बुलेझना स्वतःलाच पटली नाही आणि त्यांनी ती मागे घेतली. मात्र रेडिओने केलेलं त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण राहिलं. स्वरलिपी कपाटात गेली, तरी आवाज जगात होताच. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आल्यापासून मागे घेणं हे असं अर्धंमुर्धंच राहत आलं आहे.

या विषयात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते कैखुश्रू शापूरजी सोराबजी यांचं उदाहरण. नाव ओळखीच्या वळणाचं आहे, कारण वडील मुंबईचे पारशी, पेशाने स्थापत्य अभियंता. आई इंग्रज. सोराबजी १८९२ साली लंडनजवळच्या चिंगफर्डमध्ये जन्मले. मूळ नाव लिऑन डडली. पुढे त्यांनी आपली पारशी ओळख आग्रहाने स्वीकारली आणि नाव बदललं. आयुष्य मात्र इंग्लंडमध्येच गेलं. त्यांच्या हस्तलिखितांची पानं ११ हजारांहून जास्त भरतात, आणि त्यातला फार मोठा भाग त्यांच्या हयातीत कोणी ऐकलाच नाही.

त्यांची सर्वांत गाजलेली पियानो-रचना 'ऑपस क्लॅव्हिसेम्बॅलिस्टिकम'. स्वरलिपी २५२ पानांची, वादन चार तासांच्या वर. १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोमध्ये सोराबजींनी ती स्वतः वाजवली. संगीतकार एरिक चिझम तिथे नव्या संगीतासाठी एक मंडळ चालवत, त्यांनी तो कार्यक्रम घडवून आणला होता. त्यानंतर १० मार्च १९३६ रोजी लंडनमध्ये जॉन टोबिन या वादकाने त्या रचनेचा फक्त पहिला भाग सादर केला. जितका वेळ लागायला हवा त्याच्या जवळपास दुप्पट वेळ त्याने घेतला. सोराबजी मध्येच उठून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून समीक्षकांनी जे झोडपलं ते वादनाला नव्हे, रचनेला! स्वरलिपी समोर नसलेल्या श्रोत्याला दोष कुठला आणि कोणाचा हे कळणार तरी कसं?

त्याच वर्षी सोराबजींनी स्वतःचं जाहीर वादन थांबवलं. इतरांनीही आपलं संगीत जाहीरपणे वाजवू नये, विद्रूप होऊन ऐकलं जाण्यापेक्षा ते न ऐकलेलंच बरं, अशी भूमिका त्यांनी घेतली. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशावर त्यांचं भागत होतं, त्यामुळे मानधनासाठी कोणापुढे वाकायची वेळ त्यांच्यावर नव्हती. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी. या मनाईला कायद्याचं बळ असं काही नव्हतं. १९३१ पर्यंतच्या त्यांच्या कित्येक रचना छापून बाजारात आलेल्या होत्या. घेऊन वाजवायला बसणाऱ्याला फारसं कोणी अडवलं नसतं. तरीही वादकांनी, तुरळक अपवाद सोडले तर, जवळपास ४० वर्षं हा शब्द पाळला. केवळ एका माणसाच्या इच्छेखातर एवढा मोठा संयम पाळला गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग ध्वनिमुद्रणं आली कुठून? फ्रँक हॉलिडे या त्यांच्या इंग्रज मित्राला वाटत होतं, की हे संगीत निदान रचनाकाराच्या हातचं तरी टिकावं. १९५० नंतरच्या काही वर्षांत त्याने २३ चाहत्यांच्या सह्यांचं एक पत्र तयार केलं. 'आपलं संगीत आपण स्वतः ध्वनिमुद्रित करावं' अशी त्यात विनंती होती, आणि सोबत १२१ गिनींचा धनादेश. सोराबजी तेव्हा बधले नाहीत. आपलं संगीत एकदा फितीवर उतरलं की ते कुठे कुठे जाईल यावर आपला ताबा राहणार नाही, ही धास्ती त्यांना होती. हॉलिडेने वर्षानुवर्षं मन वळवल्यावर १९६२ ते १९६८ या काळात, सत्तरी गाठलेल्या सोराबजींनी डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसल गावी आपल्या घरातल्या पियानोवर ११ तासांहून अधिक संगीत वाजवलं. त्या फिती मित्रांपुरत्या होत्या. जाहीर ऐकवण्यासाठी नव्हत्या.

आणि व्हायचं तेच झालं. फिती फुटल्या. १९६९ आणि १९७० साली न्यूयॉर्कमधल्या दोन रेडिओ केंद्रांनी सोराबजींवर कार्यक्रम केले, त्यांत या ध्वनिमुद्रणांतले भाग वाजले. दुसरा कार्यक्रम तीन तासांचा होता आणि पुढेही तो अनेकदा प्रसारित झाला. त्यामुळे सोराबजी हे नाव नव्या पिढीच्या कानांवर गेलं, हे कोणीही नाकारणार नाही. फिती वाटण्याच्या बाजूने बोलणारे हाच दाखला देतात, आणि तो खरा आहे.

पण याच फितींची दुसरी बाजू जाणकारांनी दाखवून दिली आहे. स्वरलिपी समोर ठेवून त्या ऐकल्या तर सोराबजींचं वादन जागोजागी आपल्याच लिखाणापासून दूर जातं. घरी बसून वाजवताना अचूकपणाची त्यांना फिकीर नव्हती, धीरही नव्हता. म्हणजे ज्या माणसाने एका चुकीच्या वादनामुळे दारं बंद केली, त्याच्याच नावावर एक सैल वादन रेडिओवरून पोचलं, आणि तेही 'खुद्द रचनाकाराचं' या शिक्क्यासह. दुर्मीळ ध्वनिमुद्रणाचा मोठा धोका मला हाच वाटतो. दुसरं काहीच उपलब्ध नसलं की हाती लागलेली एकमेव फीत हीच रचना ठरून बसते.

कोंडी शेवटी फुटली ती परवानगीने. ॲलिस्टेर हिंटन या तरुण स्कॉटिश संगीतकाराने सत्तरच्या दशकात सोराबजींचा विश्वास मिळवला. १९७६ साली सोराबजींनी योंटी सॉलोमन या वादकाला होकार दिला, आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्यांचं संगीत रीतसर वाजलं. हिंटन यांनी हस्तलिखितं जपणारं संग्रहालय उभं केलं. 'ऑपस क्लॅव्हिसेम्बॅलिस्टिकम' १९८२ साली हॉलंडमधल्या युट्रेख्त शहरात जेफ्री डग्लस मॅज यांनी संपूर्ण वाजवली. १९८८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, सोराबजी गेले तेव्हा त्यांचं संगीत पुन्हा वाजू लागलेलं होतं.

कायदा काय म्हणतो? फ्रान्समध्ये लेखकाला आणि संगीतकाराला आपली कृती बाजारातून परत घेण्याचा हक्क आहे. प्रकाशकाला मात्र नुकसानभरपाई आधी द्यावी लागते. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा वेगळा झुकतो. प्रसिद्ध झालेली किंवा जाहीर सादर झालेली कृती हक्कधारकाने अडवून धरली आणि लोक तिला मुकले, तर कलम ३१ नुसार सक्तीचा परवाना मागता येतो. मात्र नकाराचं कारण रास्त ठरलं तर तो मिळत नाही. कलम ३९ प्रमाणे कलावंताच्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं तर त्याच्या हक्काचा भंग होत नाही. ठेवणं आणि वाटणं यांतला फरक या कलमात आहे, आणि माझ्या मते सगळा विषय त्या फरकावरच उभा आहे.

आपल्याकडे मैफलीतलं वादन लिहिलेल्या स्वरलिपीवरून होत नाही, म्हणून फितीचं वजन आणखी वाढतं. अन्नपूर्णादेवींचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. पन्नासच्या दशकानंतर त्या जाहीर वाजवेनाशा झाल्या, मुंबईच्या घरात शिष्यांना शिकवत राहिल्या आणि २०१८ साली गेल्या. स्वतःची एकही ध्वनिमुद्रिका त्यांनी काढू दिली नाही. त्यांचा सूरबहार आज ऐकायला मिळतो तो हातोहात फिरलेल्या मोजक्या, खरखरत्या ध्वनिमुद्रणांतून. ती ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तरीही त्या हयात असताना ती त्यांच्या इच्छेविरुद्ध पसरवणं मला योग्य वाटत नाही. पुसून टाकणं तर त्याहून वाईट झालं असतं. रचनाकार जिवंत असेतो फीत जपावी, ऐकावी, अभ्यासावी. तिच्या प्रती वाटू नयेत. त्याचं मन वळवायचा प्रयत्न जरूर करावा, हॉलिडे आणि हिंटन यांनी केला तसा, वर्षानुवर्षं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात खासगी बैठकींच्या कॅसेट घरोघरी पडून आहेत. तुमच्याकडे असतील तर आधी त्यांची संगणकीय प्रत करून घ्या, कारण फिती बुरशी धरतात. कोण गातं-वाजवतं आहे, कुठे, कोणत्या साली, हे कागदावर लिहा. कलावंत हयात असतील तर त्यांना स्वतः जाऊन विचारा. नकार मिळाला तर तोही तारखेसह लिहून त्याच डबीत ठेवा, म्हणजे उद्या ती कॅसेट ज्याच्या हाती पडेल त्याला तो माहीत असेल.