एआरटीच्या गोळ्या आणि यकृत

भिंगारच्या एचआयव्हीबाधित माणसाला औषधासाठी फार लांब जावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयाचं एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्र शेजारच्या अहिल्यानगर शहरात आहे आणि गोळ्या मोफत मिळतात. खरी अडचण पुढे येते. रक्ताच्या रिपोर्टात एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलेलं निघतं, कुणीतरी ‘या गोळ्यांनी लिव्हर जातं’ म्हणतं आणि घाबरलेला रुग्ण औषध सोडून देतो.

या भीतीला आधार आहे, पण तो बहुतांशी जुन्या गोळ्यांचा. १ एप्रिल २००४ रोजी भारतात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा पहिल्या फळीत स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन असत. विषाणू आपला डीएनए गुंफत असताना स्टॅव्ह्युडिन त्या साखळीत खोटी कडी अडकवतं. पण आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचाही स्वतःचा डीएनए असतो आणि तिथलं विकरही या कडीला फसतं. ऊर्जा कमी पडली की यकृतात चरबी साठते, रक्तात लॅक्टिक आम्ल चढतं. हे नुकसान काही महिन्यांनी, हळूहळू दिसायचं. म्हणूनच स्टॅव्ह्युडिन मागे घेण्यात आलं.

नेव्हिरापिनचा त्रास वेगळ्या वाटेने येई. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच औषधावर उसळते, त्यामुळे ज्यांचा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, चांगला त्यांनाच धोका अधिक: स्त्रियांमध्ये २५० च्या वर, पुरुषांमध्ये ४०० च्या वर. पहिले सहा आठवडे सर्वांत जोखमीचे. म्हणून पहिले १४ दिवस रोज एकच गोळी देऊन मग दोन करत. अंगावर पुरळ, ताप आणि मळमळ एकत्र आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणं भाग असे.

आज बहुतेक प्रौढांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती तिलाच आहे. यातली पहिली दोन औषधं मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतात. डोल्युटेग्राव्हिर यकृतात मोडलं जातं, पण त्याने यकृताला गंभीर इजा क्वचितच होते.

मग टीएलडीवरही एसजीपीटी का वाढतं? माझ्या मते आधी शोधावी ती कावीळ ब. तिचा विषाणू यकृतात दबून असला, तर एआरटीने प्रतिकारशक्ती सावरताच ती बाधित पेशींवर तुटून पडते आणि काही आठवड्यांत एसजीपीटी उसळतं. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन कावीळ ब लाही दाबून ठेवतात. लिव्हर वाचवायचं म्हणून अशा माणसाने आपल्या मनाने गोळी सोडली, तर दबलेला विषाणू उठतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून कावीळ ब ओळखणारी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी फार मोलाची.

दुसरं कारण टीबीची औषधं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. शिवाय रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिर लवकर मोडतं, म्हणून बारा तासांनी त्याची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी घ्यावी लागते. दारू चालू असेल तर यकृतावरचा भार आणखी वाढतो.

दुसऱ्या फळीतल्या अ‍ॅटाझानाविरने मात्र डोळे पिवळे होतात आणि तरीही यकृत शाबूत असू शकतं. बिलिरुबिन बाहेर टाकण्याजोगं करणारं विकर हे औषध अडवतं. एसजीपीटी नॉर्मल राहतं. म्हणजे नुसत्या पिवळेपणावरून निदान होत नाही, रक्त तपासावंच लागतं. अशा वेळी काविळीची माळ किंवा झाडपाल्याचा काढा यांत आठवडे घालवले, तर नेमकी उपचाराची वेळ निघून जाते.

भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात जावं. गुंगी येऊ लागली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर थेट रुग्णालयात. जाताना टीबीच्या, दुखण्याच्या, वैद्याच्या अशा सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्यावी. त्यातलं कोणतं थांबवायचं हे डॉक्टर ती पाहूनच ठरवू शकतात. फोनवर माहिती हवी असेल तर १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे.