तिवर राखायचं, पण पोटाचं काय?

मांडव्याच्या जेट्टीवर उतरलं की सगळे बीचचा रस्ता धरतात. पण अलिबाग तालुक्यातलं एक मोठं जंगल बघायचं असेल, तर बीचकडे पाठ फिरवून धरमतरच्या खाडीकडे जायला हवं. भरतीला अर्धं बुडणारं, ओहोटीला चिखलात उभं राहणारं हे जंगल. सरकारी कागदावर ते ‘कांदळवन’, पुस्तकात ‘खारफुटी’ आणि इथल्या लोकांच्या तोंडी ‘तिवर’.

या मुळांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. चिंबोरी, निवटी, कोळंबी हे सगळं खाडीचं देणं. कोळी, आगरी, कातकरी घरांतली चूल त्यावर पेटते. वादळात लाटांचा जोरही तिवरच मोडतं.

कायदा तिवराच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीवर बंदी घातली आणि 2018 च्या निकालात ती कायम केली. वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 मध्ये सुरू झाला. 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली.

मग अडतंय कुठे? खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. खाडीचा बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं. पूर्वी गावकरी ‘जोळ’ करून, म्हणजे सगळे मिळून, बांध सांभाळायचे. आता दुरुस्ती सरकारी कामाची वाट बघते. तोवर शेतात तिवर उगवतं आणि एकदा उगवलं की तोडता येत नाही. सातबारा शेतकऱ्याचा, पण पीक तिवराचं! अशा माणसाला ‘निसर्ग वाचवा’ म्हणून सांगणं सोपं, पटवणं अवघड.

म्हणजे जंगल राखायचं, तर राखणाऱ्याला त्यातून मिळकत हवी. हे अशक्य नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन सफर घडवतात. राज्य सरकारच्या 2017 च्या योजनेत खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातली मासेशेती यांसाठी गटांना अनुदान मिळतं. आपल्याकडे शहापूर-धेरंडचे शेतकरी शेततळ्यात जिताडा वाढवतातच. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं.

फक्त एक फरक आहे. मेंढ्याचं जंगल एका गावाचं, खाडी मात्र कोणा एका गावाची नसते. धरमतरच्या खाडीला अलिबाग, पेण, उरण असे तीन तालुके लागतात. एका काठावर भराव टाकला तर दुसऱ्या काठाच्या जाळ्यात मासळी कमी येणार. 2004 च्या त्सुनामीनंतर भारत, श्रीलंका, थायलंड, इंडोनेशियासारखे देश 2006 मध्ये कांदळवनांसाठी एका उपक्रमात एकत्र आले. देशांना जमतं, तर तीन तालुक्यांना का नाही? वन विभाग, खारभूमी विभाग आणि खाडीकाठच्या ग्रामसभा एका टेबलावर बसल्या, तर बांध कुठे बांधायचा, तिवर कुठे राखायचं आणि खेकडे कोणी पाळायचे, हे एकत्र ठरू शकेल.

26 जुलैला जागतिक कांदळवन दिन असतो. त्या दिवशी कॉलेजात पोस्टर स्पर्धा होतीलच. त्यापेक्षा खाडीकाठच्या एखाद्या गावात जाऊया. कुठला बांध कधी फुटला, किती शेत गेलं, कोणाची मासळी घटली, हे लिहून काढूया आणि ती यादी ग्रामसभेच्या हातात देऊया. एनएसएसच्या कॅम्पला यापेक्षा चांगलं काम कुठलं?