धूर कोणाचा?

न्यायशास्त्राचा पहिला पाठ शिकवितांना पर्वतावरील धुराचें उदाहरण देण्याची जुनी रीत आहे. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमान विद्यार्थ्यास सहज पटतें. आम्हीं तें तीस-पस्तीस वर्षें वर्गांत सांगितलें. परंतु धूर आपल्याच अंगणांत दाटला आणि अग्नि एक नसून दहा असले, तर कोणता धूर कोणत्या अग्नीचा, हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता. गेल्या मार्गशीर्षांत तो आमच्याच घरीं उपस्थित झाला.

आमची आठ वर्षांची नात पहांटे खोकत उठे. छातींत घरघर होई. डॉक्टरांनीं श्वासावाटें घ्यावयाचें औषध दिलें व धुरापासून जपण्यास बजावलें. गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. आमच्या आळीच्या टोंकाशीं धानाची एक गिरणी आहे आणि तिचें धुराडें गच्चीवरून दिसतें. आम्हीं तत्काळ निर्णय केला, तक्रारअर्ज लिहिला आणि शेजारच्या गृहस्थांच्या सह्याहि घेतल्या.

नागपुरास अभियांत्रिकी शिकणारा थोरला नातू सुटीस आला होता. अर्ज वाचून तो म्हणाला, “आजोबा, गिरणीचाच धूर हें कशावरून?”

“दिसतो म्हणून!” आम्ही म्हणालों.

“आणि जो दिसत नाहीं, त्याचें काय?”

मग त्यानें आम्हांस समजावून सांगितलें. फुप्फुसांत खोलवर शिरणारे कण अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाहून लहान असतात. आपल्या देशांत दिवसाच्या सरासरीस त्यांची मर्यादा घनमीटरमागें ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती १५ असावी असें सुचविलें. हे कण उद्यां किती असतील व कोठून येतील, हें सांगण्यासाठीं आतां न्यूरल नेटवर्क, म्हणजे मज्जातंतूंच्या धर्तीवर रचलेलें गणिताचें जाळें, वापरतात.

या कल्पनेचें मूळ १९४३ सालीं मॅक्युलक व पिट्स यांनीं मांडलेल्या लेखांत आहे. १९८६ सालीं रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनीं चुकीवरून जाळें सुधारण्याची रीत रूढ केली. ती रीत आम्हां शिक्षकांस परिचितच वाटावी. कालचे कण, वाऱ्याची दिशा व वेग, उष्णमान, दमटपणा, दिवसाचा प्रहर हे आंकडे जाळ्यास द्यावयाचे. तें उत्तर देतें. उत्तर व प्रत्यक्ष मोजणी यांतील अंतर पाहून, ज्या धाग्यानें जितकी चूक केली त्याचें वजन तितकें बदलावयाचें. असें हजारों वेळां केलें म्हणजे पाढे घोकलेल्या मुलाप्रमाणें जाळें तयार होतें.

उगम शोधण्यास आणखी एक साधन लागतें. गाळणकागदावर जमलेल्या धुळीचें रासायनिक पृथक्करण करतात. लांकूड व तणस जळल्याची खूण पोटॅशियममध्यें सांपडते, मातीची सिलिकॉन व ॲल्युमिनियममध्यें, दगडी कोळशाची गंधक व सेलेनियममध्यें. या खुणा आणि वाऱ्याची दिशा एकत्र मांडून प्रत्येकाचा वांटा काढतात.

आमच्या जिल्ह्यांत अग्नि थोडे नाहींत. तिरोड्यास ३,३०० मेगावॅटचें कोळशावरील वीजकेंद्र आहे. गिरण्यांच्या भट्ट्यांत धानाचें तूस जळतें. यंत्रानें कापणी झाली कीं कांहीं शेतांत उरलेला बुडखा पेटवितात. चैत्रांत मोहफुलें वेचतां यावीं म्हणून रानांतला पाचोळा जाळतात. शिवाय वाहनें, कचरा आणि घरोघरच्या चुली आहेतच.

येथें आम्हांस शास्त्रांतील ‘उपाधि’ आठवली. अग्नि आहे म्हणून धूर असेलच असें नाहीं. ओलें सरपण ही त्यांतली उपाधि. तसेंच येथें. धान कापल्यावर गिरण्या जोरांत चालतात, त्याच दिवसांत शेतें पेटतात आणि त्याच दिवसांत थंड हवा जमिनीलगत साचून धूर वर जाऊं देत नाहीं. तिन्ही गोष्टी एकदम घडतात. जाळें त्यांचें साहचर्य अचूक ओळखील. पण साहचर्य म्हणजे कारण नव्हे, हें माणसानेंच पाहिलें पाहिजे.

जाळें शिकविण्यास वर्षानुवर्षांच्या, तासातासाच्या नोंदी लागतात. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमासाठीं निवडलेल्या शहरांत नागपूर व चंद्रपूर आहेत, गोंदिया नाहीं. नागपुरच्या हवेवर शिकलेलें जाळें येथें आणून बसवितां येत नाहीं. ज्या गांवाची नोंद नाहीं, त्या गांवापुरतें तें आंधळेंच.

शेवटीं नातवानें मुठीएवढें एक मोजणीचें यंत्र आणिलें. तें दंवाच्या थेंबांसहि धूळ समजतें, म्हणून धुक्याचे दिवस वगळण्यास त्यानें सांगितलें. तीन आठवडे आम्हीं वहींत वेळ, वारा व आंकडा लिहिला. सायंकाळीं वारा गिरणीकडून आला कीं आंकडा चढे, हें खरें. पण सर्वांत मोठा चढ रोज पहांटे पांचास होई. नात खोकून उठे तीच वेळ! ती निजे त्या खोलीच्या खिडकीखालीं आमचा तांब्याचा बंब पेटत असे.

“सासूबाईंच्या वेळेपासूनचा बंब आहे तो!” आमचें कुटुंब म्हणालें. मग थोड्या वेळानें तींच म्हणालीं, “तिच्या छातीपुढें बंब कसला? माळ्यावर टाका.”

बंब माळ्यावर गेला. नातीचा पहांटेचा खोकला पुष्कळ उतरला. पुरता गेला नाहीं. अर्ज आम्हीं फाडला नाहीं, नव्यानें लिहिला. त्यांत गिरणीस गुन्हेगार ठरविलेलें नाहीं; तिच्या धुराड्याची तपासणी व्हावी आणि गांवांत हवेची कायम नोंद ठेवणारें केंद्र बसावें, एवढें मागितलें आहे. सोबत वहींतील नोंदींची नक्कल जोडली. सह्या करणाऱ्या गृहस्थांस बंबाची हकीकतहि सांगितली. त्यांतल्या दोघांच्या अंगणांतहि बंब पेटतो.