डिफरन्शियलचा आवाज : बाटलीतील रसायन केव्हा उपयोगी?

वाहनाच्या मागच्या आसाकडून घूं-घूं असा आवाज येऊ लागला, की तेलात अमुक बाटली ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो. हे रसायन एका विशिष्ट प्रकारच्या डिफरन्शियलमधील आवाज खरोखरच थांबवते. भारतातील बहुसंख्य वाहनांमध्ये मात्र तो प्रकार नसतो.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण वर्तुळात हा फरक सुमारे ८.८ मीटर भरतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच आसाला जखडली, तर त्यांपैकी एक रस्त्यावर घासत जाईल. ही अडचण डिफरन्शियल दूर करते.

इंजिनाची शक्ती प्रॉपेलर शाफ्टमार्फत पिनियन या लहान दंतचक्राकडे आणि तेथून क्राऊन या मोठ्या चक्राकडे येते. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात छोटी दंतचक्रे असून ती दोन्ही बाजूंच्या अर्ध्या आसांना फिरवतात. सरळ रस्त्यावर ही छोटी चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत. सारा संच एकसंध फिरतो. वळणावर ती फिरू लागतात व एका चाकाचा जेवढा वेग कमी होतो, तेवढा दुसऱ्याचा वाढतो. जुन्या अॅम्बेसेडरमध्ये ही पेटी मागच्या आसावर होती, तर मारुती ८०० मध्ये ती पुढे गिअरबॉक्सलगत होती.

या रचनेत एक उणीव आहे. एक चाक चिखलात रुतले, की तेच गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक स्तब्ध राहते. त्यावर उपाय म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल तयार झाले. त्याच्या एका प्रचलित प्रकारात क्लच प्लेटा दोन्ही बाजूंच्या वेगातील फरकाला आवर घालतात. संथ वळणावर या प्लेटा क्षणभर चिकटतात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात, त्यामुळे खडखड ऐकू येते. फ्रिक्शन मॉडिफायर नावाचे रसायन प्लेटांचे स्थिर अवस्थेतील घर्षण कमी करते, त्यामुळे त्या झटका न देता सरकतात. काही तेलांत ते आधीच मिसळलेले असते. प्रमाण अधिक झाले, तर प्लेटा नको तेवढ्या घसरतात आणि मूळ उद्देशच विफल होतो. रसायन घातल्यानंतर मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात संथपणे गाडी फिरवतात. त्यामुळे तेल प्लेटांमध्ये शिरते.

साध्या डिफरन्शियलमध्ये अशा प्लेटाच नसतात. तेथील आवाज म्हणजे झिजेची सूचना होय. अॅक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना आवाज बदलत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर जातो. सतत एकसारखी घरघर बेअरिंगमुळे, क्वचित केवळ टायरमुळेही येते. फक्त वळणावरच येणारा आवाज पिंजऱ्यातील छोट्या चक्रांचा असू शकतो. दाट मिश्रण घालून तो दबला, तरी दातांची झीज थांबत नाही. सेकंड हँड गाड्यांच्या व्यवहारात गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालण्याची जुनी लबाडी याच जातीची; रोआल्ड डाल यांच्या १९८८ मधील 'मटिल्डा' या बालकादंबरीतही ती आढळते.

बाटली विकत घेण्यापूर्वी तेलाची पातळी पाहणे श्रेयस्कर. वाहन समतल जागी उभे असताना ती साधारणपणे भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी. मागच्या आसातील क्राऊन-पिनियनचे दात बहुधा एकमेकांवर घासत सरकतात. म्हणून तेथे जीएल-५ दर्जाचे तेल सांगितलेले असते. तथापि वाहनाच्या पुस्तिकेतील सूचनाच प्रमाण मानावी. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या वाहनाबाबत विशेष दक्षता हवी. तापलेला आस पाण्यात एकाएकी थंड होतो, आतील हवा आकुंचन पावते आणि हवेच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाळ दिसते व ते ताबडतोब बदलावे लागते. तेल काढण्याच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावर राखाडी, मऊ लेप आढळणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा हाती लागल्यास मात्र पेटी उघडण्यावाचून पर्याय राहत नाही.