घरभाडे भत्त्याचे गणित

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला आकड्यांचे वावडे असते असा एक समज आहे. माझ्या बाबतीत तो खराही आहे. तरीही जानेवारी 2024 मध्ये थोरल्या भावाचा आयकराचा हिशेब माझ्या गळ्यात पडला. दादा पुण्यात नोकरीला असून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. कचेरीने त्याच्याकडे भाड्याच्या पावत्या मागितल्या होत्या. "वर्षाला 1,80,000 रुपये घरभाडे भत्ता मिळतो. तो सगळाच करमुक्त ना?" त्याने विचारले. मीही मान डोलावली. नियम वाचला तेव्हा दोघांचाही भ्रम फिटला. आपणही उद्या नोकरीला लागणार, आणि प्राध्यापक मंडळी तर दरवर्षी या चक्रातून जातात. म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

1961 च्या आयकर कायद्यातील कलम 10 (13 अ) प्रमाणे तीन रकमा काढायच्या आणि त्यांतली सर्वांत लहान तेवढीच करमुक्त धरायची. पहिली, प्रत्यक्ष मिळालेला भत्ता. दुसरी, भरलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा जाता उरलेली रक्कम. तिसरी, पगाराचे 40 टक्के. घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नई येथे असेल तर 50 टक्के. त्या वर्षी पुणे 40 टक्क्यांतच होते. येथे 'पगार' म्हणजे मूळ पगार, आणि निवृत्तीच्या लाभांत धरला जात असेल तर महागाई भत्ता. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ही सूट नाही.

आता दादाचे आकडे. वर्षाचा पगार 7,20,000 रुपये. भाडे महिना 14,000, म्हणजे वर्षाला 1,68,000.

पहिली रक्कम : 1,80,000
दुसरी रक्कम : 1,68,000 − 72,000 = 96,000
तिसरी रक्कम : 2,88,000

सर्वांत लहान 96,000. तेवढी सूट; उरलेले 84,000 करपात्र. दादाचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या एका सहकाऱ्याने तोडगा सुचवला : पावती महिना 21,000 ची करून घे. मी पुन्हा कागद पुढे ओढला. भाडे 2,52,000 दाखवले की दुसरी रक्कमही 1,80,000 होते आणि सगळा भत्ता सुटतो. दादा 20 टक्क्यांच्या टप्प्यात होता. त्यावर 4 टक्के उपकर धरला तर 17,472 रुपये वाचत होते. मोह लहान नव्हता.

पण वर्षाचे भाडे 1 लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. दादाच्या घरमालकीणबाई एकट्या राहतात. त्यांना वर्षाला 1,68,000 मिळत होते आणि कागदावर 2,52,000 दिसणार होते. न मिळालेल्या 84,000 रुपयांचा जाब उद्या त्यांनाच विचारला गेला असता. आपला कर वाचवायला खोटेपणा त्यांच्या नावावर टाकायचा, हे दादाला पटेना. त्याने 14,000 चीच पावती घेतली. खऱ्या पावतीनेही त्याचा उपकरासह 19,968 रुपये कर वाचला, हे मी त्याला मुद्दाम दाखवले.

एक सूचना राहिली. ही सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. 2023-24 पासून आपण काही न सांगितल्यास नवी प्रणाली लागू होते, आणि तिच्यात ही सूट नाही. म्हणून दोन्ही प्रणालींचा कर काढून पाहावा. दादाला भविष्यनिर्वाह निधी वगैरेंच्या वजावटी असल्याने जुनी परवडली; प्रत्येकाला परवडेलच असे नाही. शिवाय नियम बदलत असतात. ज्या वर्षाचा हिशेब, त्या वर्षाचेच नियम पाहावेत.

दादा अजून त्याच खोल्यांत राहतो. घरमालकीणबाई आता न मागता दर महिन्याला पावती देतात.