आधी बाजार, मग वसाहत

माझे वडील लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गोळेगावातून मुंबईला गेले ते डबे पोचवायला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातल्या कित्येक घरांची चूल या धंद्यावर पेटली. पण तो उभा राहिला तोच मुंबईत घर आणि कचेरी लांब पडल्यामुळे. चाकरमान्याला दुपारी जेवायला घरी जाता येईना, म्हणून आमच्या माणसांनी गाव सोडलं.

ते अंतर मिटवायला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. 1970 मध्ये ते वसवायला सिडको आली, बेलापूरला व्यापारी केंद्र आखलं गेलं. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. घरं झाली, तरी सकाळची लोकल मुंबईकडेच भरून जात राहिली. वाशीचं वेगळं झालं. कांदा-बटाट्याचा, भाजीपाल्याचा घाऊक बाजारच तिथे हलवला, तेव्हा माथाडी, आडते, टेम्पोवाले आपसूक गेले. त्यांत आमच्या तालुक्यांतले पुष्कळ. काम जिथे जातं, तिथे माणूस जातो.

हेच नारायणगावात पाहावं. जुन्नर बाजार समितीचा टोमॅटोचा उपबाजार इथे आहे. हंगामात वीस-वीस किलोचे क्रेट रचलेल्या पिकअप रांगेत लागतात. व्यापारी वरच्या थराखाली हात घालून माल पाहतो, भाव ठरतो, हमाल क्रेट उतरवतात आणि ट्रक परराज्याच्या वाटेला लागतो. चहावाला, पंक्चरवाला, हिशेब लिहिणारी मुलं, सगळ्यांची रोजी त्यावर चालते.

आमच्या भागाला हे नवीन नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्य व्यापारी, कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींची, म्हणजे संघांची, नोंद आहे. नाणेघाटातून माल चढे-उतरे, म्हणून सातवाहनकाळी जुन्नर वाढलं.

आज मात्र आमची पोरं कामासाठी चाकण-भोसरीत खोल्या भाड्याने घेऊन राहतात. जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका झाला. लेण्याद्रीच्या पायऱ्यांशी दुकानं चालतात, पण सणावारापुरत्या गर्दीवर पोरांचं वर्षभराचं भागत नाही. म्हणून माझं मागणं सरळ आहे. तालुक्याच्या गावांचा आराखडा करताना बंगल्यांच्या प्लॉटआधी शीतगृह, प्रतवारीची शेड, ट्रकतळ आणि टोमॅटोवर प्रक्रिया करणाऱ्या लहान कारखान्यांची जागा राखून ठेवा. कामाच्या पाळीला जुळणारी एसटी सोडा. गावात पगार मिळाला, तर घर बांधायला आमची पोरं समर्थ आहेत.